आमचा संघ हैदराबादेत राहिला

१९५५ साली मुंबईत मोहन बागाननं रोव्हर्स कप जिंकला. बागानचं ते पहिलंच रोव्हर्स विजेतेपद, त्यामुळे फुटबॉलच्या इतिहासात ते साल बागानच्या नावानं ओळखलं जातं. मला त्या सालाची दुसरी बाजू सांगायची आहे. त्याआधी सलग पाच वर्षं, १९५० पासून १९५४ पर्यंत, तो करंडक एकाच संघानं स्वतःकडे ठेवला होता. त्या संघाचं नाव हैदराबाद सिटी पोलीस. १९५५ला हा संघ स्पर्धेतून बाहेर पडला आणि पाच वर्षांची साखळी तुटली. त्याच संघाला ही श्रद्धांजली.

ती धाराशिव जिल्ह्यातल्या माणसानं का वाहावी, असं कुणीही विचारेल. आमच्या जिल्ह्याचा खेळ खो-खो. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली सारिका काळे इथलीच. २०२०चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला तेव्हा गावोगावच्या शाळांत आनंद झाला. फुटबॉलचा नाद असलेली माणसं इथं हाताच्या बोटांवर मोजावीत. तरी त्या पाच करंडकांवर आमचा हक्क आहे, असं मी मानतो. ते करंडक आले तेव्हा आमचा जिल्हा, उस्मानाबाद या नावानं, हैदराबाद राज्यात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद अशा पाच मराठी जिल्ह्यांचं सरकार हैदराबादेत बसत होतं. आमच्या जमिनीचे कागद उर्दूत होते, आमची अपिलं हैदराबादला चालत होती. आणि मुंबईच्या मैदानात उतरणारा हैदराबादचा संघ हा आमचा संघ होता.

माझ्या आजोबांचं शिक्षण उर्दूतून झालं. त्यांच्या पिढीत ते सर्रास होतं. मराठी घरात बोलायची, उर्दू शाळेत आणि कचेरीत. हैदराबादहून येणारं उर्दू वर्तमानपत्र एक-दोन दिवस उशिरा हाती पडायचं आणि त्यात ते आधी रोव्हर्सची बातमी शोधायचे. फुटबॉलचा एकही मोठा सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण नूर महंमद, अझीझुद्दीन ही नावं ते घरातल्या माणसांच्या नावांसारखी घ्यायचे. मी फुटबॉलच्या नादी लागलो तो त्यांच्या बोलण्यामुळे.

रोव्हर्स कप म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. ही स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली, ड्युरँडनंतर अवघ्या तीन वर्षांनी. पहिली कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींचा आपसातला मामला होता. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथं हरला. हिंदी संघानं हा करंडक जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं. ते काम बंगलोर मुस्लिम्सनं केलं. पुढे कूपरेज मैदान आणि रोव्हर्स कप ही जोडी मुंबईकरांच्या मनात पक्की बसली. कलकत्ता, बंगळुरू, गोवा, हैदराबाद, सगळीकडचे संघ तिथं यायचे. अशा स्पर्धेत लागोपाठ पाच वर्षं कुणालाही वाटेकरी होऊ न देणं म्हणजे काय, याचा अंदाज आज देशातल्या फुटबॉलची नियमित बातमी वाचणाऱ्यालाच येईल. त्याच काळात, १९५० आणि १९५४ साली, या संघानं ड्युरँड कपही जिंकला.

या यशामागे एक शिक्षक होता. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म हैदराबादचा, १९०९ सालचा. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले, शाळेत शिकवत राहिले आणि १९५० पासून त्यांनी सिटी पोलीसच्या संघाला घडवलं. हैदराबादेत त्यांना रहीमसाहेब म्हणत. त्यांची शिकवण्याची पद्धत त्या काळात कुणालाही न सुचलेली होती. ज्या पायात जोर कमी, त्याच पायानं खेळायच्या स्पर्धा ते भरवायचे. चेंडू पायाशी खेळवत नेण्याला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे, म्हणजे पोराला नाइलाजानं पास द्यायला शिकावंच लागे. पाच-पाच जणांचे सामने लावायचे. एकट्यानं चेंडू पळवून टाळ्या मिळवण्याची सवय त्यांनी अशी लहानपणीच मोडली आणि त्या जागी अकरा जणांनी मिळून खेळण्याची सवय लावली. हैदराबादचा खेळ म्हणून जो पुढे नावाजला गेला, तो आखूड पासांचा, शिस्तीचा खेळ या शाळेतून आला.

आमच्या भागात हा संघ आपला म्हणणं सोपं नव्हतं. त्याच्या नावातच पोलीस होता. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्यात निजामी सत्तेच्या वर्दीची दहशत काय होती, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं ते आमच्या नळदुर्गावरूनच आत शिरलं. बोरी नदीवरचा तो पूल आणि तो किल्ला आम्ही आजही येता-जाता बघतो. १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी हैदराबाद पोलीसच्या अकरा जणांनी रोव्हर्स उचलला, आणि ज्या घरांनी ती वर्दी भीतीनं पाहिली होती, त्यांतल्याच काही घरांनी तो विजय आपला मानला.

मला याचं नवल वाटायचं. आजोबांना मी विचारलंही. ते म्हणाले, "राज्य निजामाचं होतं. खेळ पोरांचा होता." त्यांच्या या उत्तरात मला आजही खोट सापडत नाही. ज्या खेळाडूंनी चेंडू मारला ती साध्या घरची पोरं होती आणि त्यांना घडवणारा माणूस शाळामास्तर होता. मराठवाड्यानं निजामाच्या सत्तेशी झगडा केला, तो न्यायाचा होता आणि त्याची आठवण आपण दरवर्षी झेंडा लावून जागवतो. त्या झगड्याच्या अभिमानाला धक्का न लावता त्या पोरांच्या खेळावरही प्रेम करता येतं. आमच्या वाडवडलांनी ते करून दाखवलं आहे.

१९५५चा पराभव आजोबांनी कसा घेतला, याची एकच आठवण घरात राहिली आहे. "यंदा गेला, पुढच्या साली आणतील," एवढंच ते बोलले होते. करंडकाच्या स्पर्धेत हरणाऱ्याचा हा हक्कच असतो. एक संघ सोडून बाकी सगळ्यांना बाहेर पडावंच लागतं. कुणी पहिल्या फेरीत जातो, कुणी उपांत्य फेरीत. चाहता दोन दिवस हळहळतो, गोलरक्षकाला दोष देतो, पंचाला देतो आणि मग पुढच्या वर्षीच्या संघाची जुळवाजुळव मनात सुरू करतो. पुढचं साल आहे, या भरवशावर चाहत्याचा सगळा संसार चालतो.

आमच्या बाबतीत पुढचं साल १९५६चं होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपलं. तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, गुलबर्गा, रायचूर, बीदर हे कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. आमच्यासाठी तो आनंदाचा दिवस होता. मराठवाड्यानं मराठी मुलुखाबरोबर जायचं ठरवलं ते बिनशर्त, मनापासून. भाषेच्या माणसांत परत आल्याचं समाधान मोठं होतं आणि ते रास्तही होतं. अशा दिवशी फुटबॉलच्या संघाचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड असणार? पण झालं असं, की आम्ही पश्चिमेला आलो आणि आमचा संघ हैदराबादेत राहिला.

त्या दिवसानंतर तीनच आठवड्यांनी मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं. भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. नूर महंमद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबादच्या मातीतली माणसं संघात होती आणि त्यांच्या जोडीला मुंबईचा नेव्हिल डिसूझा होता. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच भारताला युगोस्लाव्हियानं १०-१ असं चिरडलं होतं. तेव्हाही प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. त्या पराभवातून त्यांनी धडे घेतले. त्या वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीचा खेळ त्यांनी पाहिला आणि सेंटर फॉरवर्डला थोडं मागे खेळवण्याची त्यांची रीत आपल्या पोरांना शिकवली. मेलबर्नला १ डिसेंबर रोजी भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, नेव्हिलनं हॅट्ट्रिक केली. उपांत्य सामना पुन्हा युगोस्लाव्हियाशी होता. तिथंही पहिला गोल नेव्हिलचाच. दहा गोल चढवणाऱ्या देशाविरुद्ध भारत काही मिनिटं पुढे होता. मग चार गोल झाले, सामना ४-१ नं गेला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानंही हरवलं. भारत चौथा आला.

मुंबई राज्यात नव्यानं आलेल्या उस्मानाबादकराला त्या संघात दोन्ही घरं दिसत होती. जुन्या राज्याचा मास्तर होता, नव्या राज्याचा स्ट्रायकर होता. दोघं मिळून हरले तेव्हा आजोबांच्या वाटणीला निदान एकच दुःख आलं.

ती सोय फार दिवस टिकली नाही. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा दोन्ही हंगामांत राज्यांच्या संतोष ट्रॉफीची अंतिम लढत हैदराबाद आणि मुंबई यांच्यातच झाली. दोन्ही वेळा हैदराबाद जिंकलं. आता आपलं कोण? मुंबई हरली म्हणून वाईट वाटून घ्यायचं, की हैदराबाद जिंकलं म्हणून आनंद करायचा? आजोबांनी आनंदच केला, पण मोठ्यानं बोलून दाखवला नाही. नव्या राज्याशी आपण प्रामाणिक आहोत की नाही, असा प्रश्न कुणाच्या मनात येऊ नये, एवढी काळजी त्या पिढीला घ्यावी लागत होती.

आणि मग १९५७ साली हैदराबाद पोलीसनं रोव्हर्स कप परत आणला. आजोबांचं म्हणणं दोन वर्षांनी खरं ठरलं. संघ स्पर्धेत परतला, करंडक हैदराबादला परतला. उस्मानाबाद मात्र हैदराबादला परतणार नव्हतं. माझ्या मनात या संघाविषयी जी हुरहुर आहे ती १९५५च्या पराभवाची मुळीच नाही. ती या १९५७च्या विजयाची आहे. ज्या विजयाची वाट पाहिली तो आला तेव्हा, तो आपला म्हणायचा अधिकार नकाशानं काढून घेतला होता.

पुढे हा संघ आंध्र पोलीस या नावानं खेळू लागला. १९६० साली त्यानं रोव्हर्स जिंकला, १९६२ला ईस्ट बंगालबरोबर संयुक्त विजेता ठरला, १९६३ला पुन्हा जिंकला. ड्युरँड १९५७ आणि १९६१ला आणखी दोनदा आला. रहीमसाहेबांनी सर्वांत मोठा पराक्रम १९६२ साली जाकार्ताला केला. आशियाई खेळांत दक्षिण कोरियानं भारताला पहिल्याच सामन्यात २-० नं हरवलं होतं. त्याच कोरियाला ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात भारतानं २-१ नं हरवलं आणि सुवर्ण घेतलं. पराभवाकडे शिकण्याची संधी म्हणून बघा, असं आपण पोरांना सांगतो. हेलसिंकीनंतर मेलबर्न आणि पहिल्या सामन्यानंतर अंतिम सामना, हे रहीमसाहेबांनी करून दाखवलेलं आहे. तेव्हा ते कर्करोगानं आजारी होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. आंध्र पोलीसनं जिंकलेला शेवटचा रोव्हर्सही त्याच सालचा. त्यानंतर तो करंडक या वारशातल्या संघाकडे परत गेला नाही. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६०च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. २०२१ साली त्यांचं निधन गुलबर्ग्यात झालं. आमच्या उमरग्यापासून ते गाव लांब नाही. तेही एकेकाळी आमच्याच राज्यात होतं.

रोव्हर्स कपही राहिला नाही. २०००-०१च्या हंगामानंतर तो भरलाच नाही. एकशे दहा वर्षं चाललेली स्पर्धा थांबली तेव्हा मोठ्या अक्षरांतली शोकवार्ता कुठं आल्याचं मला आठवत नाही. संघ गेले, मग ज्या स्पर्धेतून ते बाहेर पडत असत ती स्पर्धाच गेली.

माझ्या वाटणीलाही अशी एक गोष्ट आली. २०१४ साली एफसी पुणे सिटी हा संघ निघाला आणि धाराशिवच्या माणसाला पुन्हा एकदा आपला म्हणावा असा संघ मिळाला. २०१८च्या मार्चमध्ये हा संघ इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखलं, मग बंगळुरूत सुनील छेत्रीनं हॅट्ट्रिक करून सामना ३-१ नं नेला. त्या रात्री मी आजोबांचंच वाक्य म्हटलं: यंदा गेला, पुढच्या साली. पण २०१९ साली संघच बंद झाला, आणि लीगमधली त्याची जागा घेऊन जो संघ उभा राहिला तो होता हैदराबाद एफसी. आजोबांचं राज्य आणि माझा संघ यांची अशी गाठ पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तो संघ मनानं स्वीकारला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याला या संघानं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवलं. साहिल तावोरानं शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधली, लक्ष्मीकांत कट्टीमनीनं पेनल्टी अडवल्या, दोघंही गोव्याचे. त्या रात्री आजोबा हवे होते असं फार वाटलं. २०२५ साली हा संघही हैदराबादहून उठून दिल्लीला गेला आणि त्याचं नाव बदललं.

एवढं सगळं पाहिल्यावर मला पराभवाची भीती उरलेली नाही. हरणारा संघ पुढच्या साली येतो. भीती वाटते ती संघाच्या मागची माणसं तुटण्याची. सिटी पोलीसच्या मागे एक राज्य होतं, ते वाटलं गेलं. पुण्याच्या संघामागे मालक होते, ते निघून गेले. कोल्हापूरकडे पाहिलं की कळतं: तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. मालकानं गुंडाळून नेण्यासारखं तिथं काही नाही, म्हणून शाहू स्टेडियम आजही भरतं. संघ ज्यांचा आहे ती माणसं जागेवर राहिली तर संघाला मरण नाही.

हैदराबाद सिटी पोलीसच्या बाबतीत आम्ही मराठवाड्याची माणसं जागेवर राहिलो नाही. तो दोष कुणाचाच नव्हता. पण विसरलो, हे मात्र आमच्या हातून झालं. २०२४ साली रहीमसाहेबांवर 'मैदान' हा चित्रपट आला, तेव्हा आमच्याकडच्या तरुणांनी तो दूरच्या कुठल्या तरी माणसाची गोष्ट म्हणून पाहिला. हा माणूस हैदराबाद राज्याच्या फुटबॉलचा कर्ताधर्ता होता आणि त्या राज्यात उस्मानाबाद, लातूर, बीड होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आम्ही पोरांना शिकवतो तसाच हाही शिकवायला हवा. दोन्ही आमच्याच घरातले आहेत.

गेलेल्या माणसाचं चांगलं काम पुढे चालवणं ही आपल्याकडे श्रद्धांजलीची सर्वांत जुनी रीत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांना मैदानं आहेत, धावायला तयार पोरं-पोरी आहेत आणि खो-खोनं त्यांच्या पायांत चपळाई भरलेली आहे. एक चेंडू लागतो आणि मनावर घेणारा एक मास्तर. रहीमसाहेब भरवायचे तशी कमी जोराच्या पायानं खेळायची स्पर्धा तुळजापूर, परंडा, कळंब, भूम, उमरगा, कुठल्याही तालुक्यात भरवता येईल. तिला हैदराबाद सिटी पोलीस संघाचं नाव द्यावं. पहिल्या वर्षी चारच संघ आले तरी चालेल. त्यातले तीन हरून बाहेर पडतील, आणि त्यांना दुसऱ्या वर्षीची तारीख त्याच दिवशी सांगून टाकावी.